दुरुस्तीचा हक्क मालकाचाच

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर श्री जोतिबाच्या दर्शनासाठी जी अपार गर्दी होते, तिच्यातील सासनकाठ्यांचे, गुलालाचे आणि चांगभलंच्या गजराचे वर्णन दरवर्षी होते. परंतु ही लाखो माणसे ज्या वाहनांत बसून येतात त्या वाहनांचा विचार, घाटात एखादी गाडी बंद पडून मागची रांग खोळंबेपर्यंत, कोणाच्याही मनात येत नाही. कोल्हापूरपासून अदमासे अठरा-वीस किलोमीटरवर असलेला, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच असा हा डोंगर चढताना क्लच आणि रेडिएटर यांची, आणि उतरताना ब्रेकची, जी कसोटी लागते ती सपाट रस्त्यावर वर्षभरात लागत नाही. ही कसोटी देणाऱ्या वाहनांत नव्या कोऱ्या मोटारी असतातच. पण त्यांच्या बरोबरीने दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या जीपा, सुमो, टवेरा आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या लहान गाड्याही असतात, आणि त्यांचे मालक वडाप चालवून किंवा शेतीच्या जोडीला भाडी मारून आपला प्रपंच सांभाळणारे असतात. यात्रेच्या दिवसांत अशा वाहनांची विनामूल्य दुरुस्ती करून देणारे कोल्हापूरचे मेकॅनिक ही या भूमीची खरी सेवाभावी परंपरा आहे. मात्र त्या मेकॅनिकाला हवी असलेली क्लच प्लेट कोण विकतो, कोणत्या दराने विकतो, आणि ती विकण्याची मुभा कोणाला आहे व कोणाला नाही, हा प्रश्न सेवाभावाने सुटणारा नाही. तो व्यापाराच्या आणि कायद्याच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत ती व्यवस्था आमूलाग्र बदलली असताना आपण तिच्याविषयी सार्वजनिक चर्चा जवळजवळ केलेलीच नाही.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे की, ज्याने पूर्ण दाम मोजून वाहन विकत घेतले त्याला ते कोठे दुरुस्त करावे, कोणाकडून करावे आणि कोणत्या दर्जाचा सुटा भाग वापरून करावे, हे ठरविण्याचा संपूर्ण अधिकार आहे. आणि सुट्या भागांच्या पुरवठ्यात होणारा प्रत्येक बदल, तो हा अधिकार वाढवितो की संकुचित करतो, या एकाच निकषावर तपासला गेला पाहिजे.

जुन्या व्यवस्थेचे चित्र प्रथम नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजे. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, आणि हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसॅडर, या दोन गाड्यांनी जेव्हा देशातील बहुतेक रस्ते व्यापले होते, तेव्हा त्यांचे भाग वर्षानुवर्षे फारसे न बदलणारे आणि म्हणून सर्वांना तोंडपाठ असलेले होते. मुंबईतील ऑपेरा हाउस आणि लॅमिंग्टन रोडचा परिसर, पुण्यातील नाना पेठ, अशा बाजारपेठांतून माल गावोगावी जाई. आणि कोल्हापुरात तर बाजारात न मिळणारा भाग शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या लेथवर घडवून घेण्याची सोय होती. शेतीच्या पाण्यासाठी आणि उसाच्या चरकांसाठी लागणारी ऑइल इंजिने तयार करता करता येथील कारागिरांनी जे हस्तकौशल्य मिळविले होते, तेच मोटारीच्या बुशाला, पिनीला आणि लायनरला उपयोगी पडले. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हाती झिजलेला भाग दिला की तो गाडीचे साल आणि बनावट सांगे, उधारीवर माल देई, आणि भाग बसला नाही तर परतही घेई. ही व्यवस्था निर्दोष होती असे मानण्याचे मात्र कारण नाही. टंचाई तिच्या पाचवीला पुजलेली होती. नकली मालाचा सुळसुळाट होता. चोरीच्या गाड्यांचे भाग भंगार बाजारात राजरोस विकले जात. आणि ग्राहकाला पावती मिळणे हा अपवाद होता. तथापि तिच्यात एक गुण निःसंशय होता: दुरुस्तीचे ज्ञान कोणा एकाच्या कुलपात नव्हते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले, आणि त्यानंतर देशोदेशींच्या कंपन्यांनी आपापल्या बनावटीच्या गाड्या येथे आणल्या. यात नागरिकांचा मोठा लाभ झाला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. गाड्या अधिक सुरक्षित, अधिक टिकाऊ आणि इंधनाची बचत करणाऱ्या झाल्या. परंतु बनावटी वाढल्या तसे भागांचे क्रमांक वाढले, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या अधिकृत विक्रेत्यांचे स्वतंत्र जाळे उभारले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची मानके लागू झाली आणि इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण अधिक गुंतागुंतीचे झाले. ज्या मेस्त्रीने इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखावा, त्याला आता स्कॅनर लावल्याविना बॉनेटखालचे काही कळेनासे झाले. आणि काही भाग तर असे आले की, ते बसविल्यानंतर कंपनीच्या संगणकाकडून त्यांची नोंद करून घेतल्यावाचून गाडी त्यांना स्वीकारीत नाही. मक्तेदारीची भिंत अशी एकेक वीट रचून उभी राहिली.

ही भिंत काल्पनिक नाही, याचा अधिकृत दस्तऐवज उपलब्ध आहे. २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे एका नागरिकाने होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या कंपन्यांविरुद्ध फिर्याद दाखल केली. या कंपन्या आपले अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि दुरुस्तीची तांत्रिक माहितीही स्वतंत्र गॅरेजांना देत नाहीत, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. चौकशीची व्याप्ती पुढे इतर कंपन्यांपर्यंत वाढविण्यात आली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत देशी-विदेशी, लहान-मोठ्या, सर्व प्रकारच्या कंपन्या होत्या. दंडाच्या आकड्यापेक्षा त्या आदेशातील कारणमीमांसा अधिक महत्त्वाची आहे. गाडी एकदा विकत घेतली की तिचा मालक त्या कंपनीच्या भागांना बांधला जातो आणि त्या भागांच्या बाजारात कंपनीचे वर्चस्व निरपवाद होते; या वर्चस्वाचा उपयोग करून कंपन्यांनी, आपल्याला भाग पुरविणाऱ्या कारखानदारांना ते भाग खुल्या बाजारात विकण्यापासून रोखले; आणि बौद्धिक संपदेची ढाल पुढे करून केलेला बचाव टिकणारा नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. भाग आणि माहिती खुली करावी, पुरवठादारांवरील निर्बंध काढावेत, आणि गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करू नये, असे निर्देशही त्याने दिले.

डिसेंबर २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने फोर्ड, निसान आणि टोयोटा यांच्या अपिलांत दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला आणि दंडाचा आधार तेवढा सुट्या भागांच्या उलाढालीपुरता मर्यादित केला. परंतु अपिले, आव्हाने आणि स्थगिती यांच्या फेऱ्यांत त्या आदेशाची अंमलबजावणी अशी अडकली की, ज्याच्यासाठी न्याय मागितला गेला त्या सामान्य वाहनमालकाच्या दैनंदिन व्यवहारात दशकानंतरही फरक जाणवत नाही. ज्या निवाड्याचा लाभ गॅरेजच्या दारापर्यंत पोचत नाही, तो दप्तरात कितीही भक्कम असला तरी लोकांच्या दृष्टीने अपुराच राहतो.

या प्रश्नावर बोलण्याचा कोल्हापूरला काही विशेष अधिकार आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहती आणि इचलकरंजीचा परिसर मिळून या जिल्ह्यात सुमारे तीनशे फाउंड्री आहेत. सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, गिअर बॉक्सची घरे, यांचे ओतकाम येथे होते आणि ते देशातील व परदेशातील वाहन उद्योगाकडे जाते. मेनन पिस्टन्सचे पिस्टन शिरोलीत घडतात. मेनन बेअरिंग्जचे इंजिन बेअरिंग व बुश गोकुळ शिरगावात घडतात. ज्या जिल्ह्यातील भट्ट्यांत आणि यंत्रांवर मोटारीचे काळीज घडते, त्याच जिल्ह्यातील वडापवाल्याने तशाच भागासाठी दूरच्या कंपनीच्या नावाची पेटी, कंपनीच्या दराने आणि कंपनीच्या सवडीने विकत घ्यावी, ही स्थिती आपल्याच मळ्यातला ऊस गाळून झालेला गूळ परक्या पेठेच्या शिक्क्यासह चढ्या भावाने परत घेण्यासारखी आहे. मोटार कंपनीने आराखडा दिला, साचे दिले, तर त्यांच्यावर तिचा हक्क आहे, हे न्याय्यच आहे. परंतु जेथे कारखानदाराची स्वतःची विद्या, स्वतःची यंत्रे आणि स्वतःची परीक्षणे पणास लागली आहेत, तेथेही त्याला आपल्या नावाने माल विकण्याची मनाई करणारा करार हा व्यापारी करार राहत नाही, ते एक प्रकारचे वेठीचे बंधन होते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप घेतला जातो तो सुरक्षिततेचा, आणि तो घाईने बाजूस सारता येणार नाही. जोतिबाचा घाट उतरताना ब्रेकच्या लायनरने दगा दिला तर त्याचे परिणाम काय होतील हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु या आक्षेपात भिन्न प्रकृतीच्या वस्तू एकाच गाठोड्यात बांधल्या जातात, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिला प्रकार, मोटार कंपनीच्या नावाच्या पेटीतील भाग. दुसरा, त्याच मोटार कंपनीला माल पुरविणाऱ्या कारखानदाराने आपल्या नावाने विकलेला भाग. तिसरा, स्वतंत्र कारखानदाराने आपल्याच नावाने, आपल्याच जबाबदारीवर तयार केलेला भाग. आणि चौथा, दुसऱ्याच्या नावाचा आणि होलोग्रामचा खोटा शिक्का मारून विकलेला नकली माल. यांपैकी पहिले तीन प्रामाणिक व्यापाराचे प्रकार आहेत, त्यांच्यात दर्जाचा भेद असला तरी नीतीचा भेद नाही. चौथा मात्र सरळसरळ गुन्हा आहे आणि १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली तो शिक्षेस पात्र आहे. चौथ्याची भीती दाखवून दुसऱ्याला आणि तिसऱ्याला बाजाराबाहेर ठेवणे हा ग्राहकाच्या रक्षणाचा मार्ग नव्हे. उलट अस्सल भाग दुर्मीळ आणि अवाच्या सवा महाग असला म्हणजेच नकली मालाला गिऱ्हाईक मिळते. प्रामाणिक पर्याय जितके अधिक, तितके लबाडीचे क्षेत्र कमी.

म्हणूनच मोकळीक मागणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी आपल्या अंगावरही काही शिस्त घेतली पाहिजे. पावतीवाचून भाग विकणे, पेटीवरील छापील किंमत, उत्पादकाचे नाव आणि महिना-साल न दाखविणे, गाडीत कोणत्या प्रकारचा भाग बसविला हे मालकाला न सांगणे, या गोष्टी आपल्या बाजारात आजही सर्रास चालतात. प्रस्तुत लेखकानेही एकदा कंपनीचा म्हणून दिलेला बॉल जॉइंट थोड्याच महिन्यांत ढिला झालेला अनुभवला आहे; आणि पावती नसल्यामुळे दाद मागण्यास जागा उरली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूबद्दल उत्पादकाप्रमाणेच विक्रेत्यालाही उत्तरदायी धरले आहे. पण कायद्याचे ते शस्त्र पावतीच्या कागदावाचून बोथट आहे. स्वातंत्र्य हवे असेल तर हिशेब देण्याची तयारीही हवी.

अलीकडच्या काळात दुकानाचा गल्लाही हळूहळू मोबाइलच्या पडद्यावर सरकू लागला आहे. गाडीचा चासी क्रमांक घातला की योग्य भाग, त्याचा क्रमांक, त्याला चालणारे पर्याय आणि प्रत्येकाची किंमत समोर येते, आणि माल पुण्याहून किंवा दिल्लीहून कुरिअरने दाराशी येतो. मोठ्या भांडवलाची वितरणगृहे कारखान्याकडून माल घेऊन मधल्या टप्प्यांना वगळून थेट गॅरेजला देऊ लागली आहेत. या बदलाने उद्यमनगरातील लहान दुकानदार धास्तावला असेल तर ते स्वाभाविक आहे, आणि त्याच्याविषयी प्रत्येक सहृदय माणसाला आस्था वाटली पाहिजे. कारण त्याची उधारी, त्याचा सल्ला आणि तातडीच्या वेळी कुलूप उघडून दिलेला भाग, यांची भरपाई कुरिअर करू शकत नाही. तरीही, ज्या बदलाने केर्लीच्या किंवा वडणग्याच्या गॅरेजवाल्याला मुंबईच्या व्यापाऱ्याइतकीच किमतीची माहिती मिळते, त्या बदलाला केवळ तो नवा आहे म्हणून विरोध करणे योग्य ठरणार नाही. दुकानदाराने आपल्या अनुभवाला त्या माहितीची जोड द्यावी, आणि सहकाराच्या या जिल्ह्यात अनेक दुकानदारांनी मिळून एकत्रित खरेदी करावी, हाच त्याच्या टिकण्याचा मार्ग आहे. साखर, दूध आणि सूत ज्यांनी सहकाराने सांभाळले, त्यांना ब्रेक पॅडची खरेदी सहकाराने करणे अशक्य नाही.

आणखी एका वर्गाची कैफियत येथे मांडणे अवश्य आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली आणि पुढे तळेगावच्या कारखान्यातील उत्पादनही बंद झाले. फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरात येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. टाटा कंपनीची सुमो, जी सुमंत मुळगावकरांच्या नावाची स्मृती वाहत पंचवीस वर्षे धावली, तीही २०१९ मध्ये थांबली. कंपनी गेली किंवा बनावट बंद झाली तरी गाडी मालकाच्या दारातच असते, तिचा हप्ता चालू असतो, तिच्यावर घर चालत असते. अशा निराधार गाडीचा भाग किती वर्षे मिळेल, हे कंपनीच्या सदिच्छेवर सोपविणे हा मालकावर अन्याय आहे. आणि कंपनी तो भाग देण्यास असमर्थ झाली, तर त्याचे आराखडे रास्त मोबदल्यात इतर कारखानदारांना खुले झाले पाहिजेत. कोल्हापूरच्या फाउंड्रींना यात सेवाही आहे आणि व्यवसायही आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर ब्लॉक आणि पिस्टन लागत नाहीत, या चिंतेने येथील उद्योजकांना आज ग्रासले आहे. पण रस्त्यावर असलेल्या कोट्यवधी जुन्या इंजिनांना भाग पुरविण्याचे काम अजून पुष्कळ वर्षे उरणार आहे. वाहनांचे भाग बनविणाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनेच्या, म्हणजे अ‍ॅक्माच्या, आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये देशातील या उद्योगाची एकूण उलाढाल सुमारे ६ लाख १४ हजार कोटी रुपये होती आणि तिच्यात बदलीच्या भागांचा बाजार सुमारे ९४ हजार कोटींचा होता. त्या बाजारात कोल्हापूरने आपल्या नावाने उभे राहण्यास प्रत्यवाय कोणता?

इतर देशांनी या बाबतीत जे केले ते आपल्याला अपरिचित वाटू नये. युरोपीय संघाने २००२ च्या मोटारविषयक नियमावलीतच, पुरवठादाराला आपले भाग स्वतंत्र दुरुस्तीकारांना विकण्यापासून अथवा त्यांवर स्वतःचे चिन्ह घालण्यापासून रोखणाऱ्या अटींना कायद्याची सवलत नाकारली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने संमत केला, आणि त्यानंतर मोटार कंपन्यांना सबंध देशासाठी समझोता करणे भाग पडले. या देशांतील मोटार उद्योग त्यामुळे बुडाला नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि वाहनांचा त्यात समावेश केला. पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु माहिती देणे कंपनीच्या खुशीवर राहिले आणि न देणाऱ्यास जाब विचारणारा बंधनकारक कायदा मात्र झाला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर एकसमान १८ टक्के झाला, त्यापूर्वी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. हा दिलासा स्वागतार्ह आहे. पण कर कमी केल्याने बंद बाजाराची दारे उघडत नाहीत.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत केली पाहिजे. संसदेने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करावा. त्यात प्रत्येक भागाचा क्रमांक व किंमत सर्वांना पाहता येईल अशी तरतूद असावी, आणि ती माहिती मराठीसह सर्व भारतीय भाषांत मिळावी. स्कॅनर व तांत्रिक माहिती रास्त शुल्कात कोणत्याही प्रशिक्षित गॅरेजला मिळावी. पुरवठादाराला आपल्या नावाने भाग विकण्याची कायदेशीर मुभा असावी. बाहेर दुरुस्ती केली म्हणून हमी आपोआप रद्द होऊ नये. आणि बनावट बंद झाल्यानंतरही ठराविक मुदतीपर्यंत भागांचा पुरवठा कंपनीवर बंधनकारक असावा. राज्य शासनाने कळंब्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आजच्या गाड्यांची स्कॅनर-सामग्री पुरवावी आणि कामावर असलेल्या जुन्या मेस्त्रींसाठी तेथे सायंकाळचे वर्ग काढावेत. कारण ज्ञानाचे कुलूप कायद्याने उघडले तरी ते ज्ञान वापरणारे हात तयार असावे लागतात. आणि कोल्हापूरच्या उद्योजक संघटनांनी, व्यापाऱ्यांनी व मेकॅनिकांनी एकत्र येऊन भागांच्या परीक्षणाची सामायिक प्रयोगशाळा आणि दर्जाची आपली खूण निर्माण करावी, म्हणजे सुरक्षिततेच्या आक्षेपाला युक्तिवादाऐवजी पुराव्याने उत्तर देता येईल.

या सर्व मागण्यांचा एकत्रित अर्ज कोल्हापूरहून दिल्लीला जावा, आणि त्यावर कारखानदार, दुकानदार, गॅरेजवाला आणि वडापवाला अशा चौघांच्याही सह्या असाव्यात. त्यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध आहेत असे भासविले जाते, पण बंद बाजारात चौघांचेही नुकसान आहे: एकाला गिऱ्हाईक मिळत नाही, दुसऱ्याला माल मिळत नाही, तिसऱ्याला माहिती मिळत नाही, आणि चौथ्याला या तिन्हींची किंमत आपल्या खिशातून भरावी लागते. विकत घेतलेल्या वस्तूवर पूर्ण स्वामित्व मिळणे ही कोणाच्या मेहेरबानीची बाब नव्हे. आणि जो समाज आपल्या यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क गमावतो, तो त्या यंत्रांचा धनी न राहता त्यांचा भाडेकरी होतो, हे ओळखून आपल्या लोकप्रतिनिधींनी या अर्जाचा पाठपुरावा संसदेपर्यंत केला पाहिजे.